एक पुस्तक, एक ओळ : सुई आणि वाचन यांच्या भांडणाची हकीकत

१/
आजचा धागा खरोखरच्या धाग्याविषयी आहे. जानेवारी उजाडला की 'यंदा ५० पुस्तके वाचीन' असा संकल्प करणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांतील काही जण, खरे तर बहुतेक जणी, या संकल्पाला आता क्रोशाच्या पांघरुणाची जोड देऊ लागल्या आहेत. एक पुस्तक संपले की लोकरीची एक ओळ विणायची. चरित्राला एक रंग, कादंबरीला दुसरा, इतिहासाला तिसरा. डिसेंबरअखेर वर्षभराचे वाचन अंगावर पांघरता येते.

२/
वरवर पाहता हा हौसेचा खेळ आहे. परंतु इतिहासाच्या वाचकाने क्षणभर थबकावे असे त्यात काहीतरी आहे. सुई आणि पुस्तक एकाच घरात सुखाने नांदावीत, ही गोष्ट तशी नवी. मुलीच्या हातात या दोहोंपैकी काय असावे यावर घराघरांत, शाळांत आणि वृत्तपत्रांत दीर्घकाळ वाद झाले. त्या भांडणाची ही हकीकत.

३/
प्रारंभ स्कॉटलंडपासून करू. फाइफ प्रांतात समुद्रकाठी बर्न्टआयलंड नावाचे गाव आहे. तेथे नौदलातील एका अधिकाऱ्याची मुलगी राहत असे. मेरी फेअरफॅक्स, जन्म १७८०. पुढे मेरी सॉमरव्हिल या नावाने ती युरोपभर गाजली. लहानपणी तिला वाचनाचा नाद लागला आणि घरातील पुस्तकांचा ती फडशा पाडू लागली. हे पाहून एका वयोवृद्ध नातलग स्त्रीने तिच्या आईकडे तक्रार केली. तक्रारीचा आशय असा, की पोर नुसती वाचत बसते. शिवणकाम म्हणाल तर एखाद्या पुरुषाइतकेच येते!

४/
परिणाम ठरलेलाच होता. मेरीला साधे शिवणकाम शिकण्यासाठी गावातल्या शाळेत धाडण्यात आले. मुलगी हुशार, शिवणही तिने उत्तम आत्मसात केले. मग घरातील कपड्यालत्त्यांचे शिवण-टिपण तिच्याकडेच आले. वृद्धापकाळी लिहिलेल्या आठवणींत तिने नमूद केले आहे, की आपल्या वाचनाला एवढा विरोध व्हावा याचा तिला संताप येई. ज्ञान मिळवणे स्त्रीला वर्ज्य असेल तर ज्ञानाची ओढ तिला दिली तरी कशाला, असा प्रश्न त्या वयातच तिच्या मनात उभा राहिला होता.

५/
आता नियतीची गंमत पाहा. ज्या सुईने तिचे पुस्तक हिरावले, त्याच सुईच्या वाटेने तिला तिचे खरे शास्त्र भेटले. एका चहापानाच्या प्रसंगी ओळख झालेल्या तरुणीने मेरीला आपले नक्षीदार विणकाम-भरतकाम पाहायला घरी बोलावले. त्या भेटीत एक मासिक चाळण्यात आले. पोशाखांची रंगीत चित्रे, कोडी, असा त्यातला मजकूर. एका पानाच्या शेवटी मेरीला साधे अंकगणिताचे उदाहरण दिसले. पण पान उलटताच आकड्यांच्या जागी अक्षरे, एक्स आणि वाय! हे काय, असे तिने विचारले. एक प्रकारचे गणित आहे, त्याला बीजगणित म्हणतात, याहून अधिक त्या मैत्रिणीला काही सांगता आले नाही.

६/
तेवढा एक शब्द पुरेसा झाला. धाकट्या भावाच्या शिक्षकामार्फत मेरीने युक्लिडची भूमिती आणि बीजगणिताचे एक पुस्तक मिळवले. स्वतः दुकानात जाऊन असली पुस्तके मागणे मुलीला शोभणारे नव्हते. रात्री ती वाचत बसे. मेणबत्त्या भराभर संपू लागल्याची कुरकुर नोकरांनी केली; आईने हुकूम सोडला की मेरी निजली की तिची मेणबत्ती काढून न्यावी. तोवर युक्लिडचे पहिले सहा ग्रंथ वाचून झाले होते. मग अंधारात पडल्या पडल्या ती ते आठवू लागली आणि मनातल्या मनात सिद्धता मांडू लागली.

७/
या मुलीने १८३१ मध्ये लाप्लासच्या खगोलीय यांत्रिकीवर इंग्रजी ग्रंथ लिहिला. एडा लव्हलेसला गणिताच्या वाटेवर तिचा आधार मिळाला. १८७९ मध्ये ऑक्सफर्डला स्त्रियांसाठी निघालेल्या एका विद्यालयाला तिचे नाव देण्यात आले. ही यशोगाथा खरी. पण मला त्या अंधाऱ्या खोलीतली मुलगी अधिक महत्त्वाची वाटते. दिवसा तिने घातलेले टाके घरात मोजले जात होते. रात्रीच्या वाचनाचा हिशेब मात्र फक्त मेणबत्त्यांच्या खर्चात धरला गेला.

८/
त्या काळच्या इंग्लंडात 'सुसंस्कृत तरुणी' कोणाला म्हणावे याची एक यादीच असे. जेन ऑस्टिनने १८१३ च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये तिची मजेदार थट्टा केली आहे. भोळा बिंग्ले म्हणतो, सगळ्याच मुली टेबले रंगवतात, पडदे मढवतात, जाळीचे बटवे विणतात; केवढा हा गुणी समाज! डार्सी त्या यादीला आणखी एक अट जोडतो, विस्तृत वाचनाची. तेव्हा एलिझाबेथ त्याला टोला हाणते, की अशी सर्वगुणसंपन्न स्त्री मी तरी पाहिलेली नाही. ऑस्टिन स्वतः उत्तम शिवणकाम करी. चॉटन येथील तिच्या घरात ठिगळकामाची एक सुंदर रजई आहे. आई आणि बहिणीसह तिने ती केल्याचे मानले जाते. म्हणजे थट्टा बाहेरून केलेली नव्हती.

९/
सुई आणि पुस्तक यांचे कोणाच्याच घरी पटत नव्हते का? पटत होते, पण त्यासाठी स्वयंपाकघर दुसऱ्या कोणाच्या तरी हाती असावे लागे. लंडनच्या नॅशनल गॅलरीत मादाम द पोंपादूरचे एक चित्र आहे. फ्रान्सच्या पंधराव्या लुईची ही प्रसिद्ध सखी, चित्रकार द्रूए. १७६३ मध्ये सुरू झालेले हे चित्र पुढच्या वर्षी, तिच्या मृत्यूनंतर, पुरे झाले. ती भरतकामाच्या चौकटीशी बसली आहे आणि पाठीमागे पुस्तकांनी भरलेले कपाट आहे. दोन्ही गोष्टी एकाच चौकटीत, आणि दोन्ही मिरवण्याजोग्या.

१०/
याच चित्रातून क्रोशाच्या इतिहासात शिरता येते. तिच्या पुढ्यातल्या कामाला फ्रेंचमध्ये 'तांबूर' म्हणतात. ताणलेल्या कापडातून आकडीदार सुईने खालचा दोरा वर ओढायचा आणि साखळी टाका घालत जायचे. हे तंत्र पूर्वेकडून युरोपात गेले. आपल्याकडे कच्छ-गुजरातेत मोची समाजाचे कारागीर करीत ते आरीकाम याच जातीचे; चामड्याला भोके पाडणारी आरीच तिथे बारीक होऊन कापडावर आली. पुढे कोणीतरी ते कापडच काढून टाकले आणि साखळी हवेतच विणली. क्रोशाचा जन्म असा झाला, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. फ्रेंचमध्ये 'क्रोशे' म्हणजे लहानशी आकडी. आजीने विणलेला आणि टीव्हीवर अंथरलेला तो पांढरा रुमाल पुष्कळांना प्राचीन वाटतो. वास्तविक क्रोशाचे छापील नमुने १८२० च्या दशकाच्या मागे जात नाहीत. पहिले नमुने 'पेनेलोपे' या डच नियतकालिकात निघाले. विणकामाच्या मानाने क्रोशा अगदी काल-परवाचा आहे.

११/
या नव्या कलेला हौसेतून रोजीरोटीत यायला फारसा वेळ लागला नाही. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याचे पीक सडू लागले आणि भीषण दुष्काळ पडला. कॉर्कच्या परिसरात उर्सुलाइन जोगिणींनी आणि क्लोन्स येथे कॅसँड्रा हँड या धर्मोपदेशकाच्या पत्नीने मुलींना क्रोशाची लेस शिकवायला घेतले. व्हेनिसच्या सुईकामाची महागडी लेस करायला अमाप वेळ लागे. आकडीने तिच्या तोडीचे काम कितीतरी लवकर होई. गुलाब एका घरात विणायचा, पान दुसऱ्या घरात, जोडणी तिसरीकडे. कित्येक कुटुंबे आपला नमुना शेजाऱ्यांपासून लपवून ठेवीत. भुकेच्या काळात एक फूल म्हणजे एक भाकरी होती.

१२/
तशीच आणखी एक कथा आपल्या गोदावरीच्या पार दुसऱ्या टोकाची. नाशिकजवळ उगम पावणारी ही नदी समुद्राला मिळते त्या मुलखात, आंध्रातल्या नरसापूरच्या आसपास, मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात लेस-विणकाम रुजवले. तेथील बायका घरी बसून क्रोशाची लेस विणत आणि ती परदेशी जाई. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ स्त्रीने १९८२ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिले. तिचे निरीक्षण बोचरे आहे : या स्त्रियांची गणना कामगारांत होतच नव्हती. त्या 'गृहिणी', आणि लेस हा त्यांचा 'फावल्या वेळचा' उद्योग, असे ठरवले की मजुरी कमी देता येते. स्त्रीच्या हातांचे काम डोळ्यांसमोर असूनही हिशेबात येत नाही, ते असे. मग तिचे वाचन कोण मोजणार?

१३/
मध्यमवर्गीय घरांनी या भांडणावर एक तोडगा काढला होता. एकाने मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी हात चालवत ऐकायचे. व्हिक्टोरियन काळच्या आठवणींत दिवाणखान्यातले हे दृश्य पुनःपुन्हा भेटते. आपल्याला ते रम्य वाटते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलला मात्र ते असह्य होते. क्रिमियाला जाण्याआधी, घरच्या चौकटीत घुसमटत असताना, तिने 'कॅसँड्रा' नावाचा निबंध लिहिला. त्यात तिने या ऐकण्याची तुलना हात बांधून उताणे पाडलेल्या माणसाच्या घशात पातळ पदार्थ ओतण्याशी केली आहे! पुस्तक कोणते, वेग किती, कुठे थांबून विचार करायचा, यांपैकी काहीच ऐकणारीच्या स्वाधीन नाही. त्याच निबंधात तिचे दुसरेही गाऱ्हाणे आहे : स्त्रीच्या हातातले कोणतेही काम केव्हाही मोडता येते, असे सगळे गृहीत धरतात.

१४/
तिचा राग पटतो. तरीही तोच प्रकार दुसऱ्या ठिकाणी मुक्तीची वाट झाला, हेही सांगायला हवे. क्यूबातील हवाना शहर, साल १८६५. 'एल फिगारो' या सिगारच्या कारखान्यात कामगारांनी वाचक नेमला. शेकडो हात तंबाखूची पाने वळत आणि एक जण उंच जागी बसून वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या वाचून दाखवी. त्याचे वेतन कामगार वर्गणीतून देत. पुस्तकाची निवडही त्यांचीच. सरकारला यात धोका दिसला आणि पुढच्याच वर्षी बंदी आली. बंदी उठली, पुन्हा आली, पण प्रथा टिकली. 'माँटेक्रिस्टो' या सिगारचे नाव ड्यूमाच्या कादंबरीवरून पडले, ते या ऐकण्यातूनच. दिवाणखान्यात आणि कारखान्यात हात सारखेच गुंतलेले होते. पुस्तक निवडण्याचा हक्क तेवढा कारखान्यात होता.

१५/
आपल्याकडे हाच तोडगा फार जुना आहे. फक्त लोकरीच्या जागी कापूस असे. दुपारची जेवणे उरकली की आळीतल्या बायका एका ओसरीवर जमत. कोणीतरी पोथी वाची. ऐकणाऱ्यांपैकी कोणी वाती वळी, कोणी तांदूळ निवडी. अक्षरओळख नसलेल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी 'हरिविजय' आणि 'पांडवप्रताप' ऐकले ते असे. त्यांना निरक्षर म्हणताना माझी जीभ थोडी अडखळते. अख्खी कथा ओव्यांसह तोंडपाठ असणाऱ्या बाईला आपल्या आजच्या वाचनसंकल्पात कोणत्या रकान्यात घालणार?

१६/
आणि संकल्प म्हणाल तर तोही आपल्याला नवा नाही. 'पारायण' म्हणजे दुसरे काय? अमुक दिवसांत अमुक अध्याय, रोजची वाटणी ठरलेली, मध्ये खंड पडता कामा नये. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मासाचे नेम असत. त्यांत ग्रंथवाचनाचा नेम असे आणि लक्षवातींचाही. एक लाख वाती वळायच्या म्हणजे मोजणी आलीच, आणि ती काटेकोर. परंतु 'गुरुचरित्रा'सारखा ग्रंथ स्त्रियांनी स्वतः वाचू नये, केवळ ऐकावा, असा दंडक कित्येक घरांत पाळला जाई. म्हणजे वातींची संख्या तिच्या नावावर जमा होई, वाचनाची पुरुषाच्या.

१७/
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे भांडण ओसरीवरून पुण्याच्या वृत्तपत्रांत आले. १८८४ मध्ये न्या. महादेव गोविंद रानडे, रा. गो. भांडारकर, वामन आबाजी मोडक प्रभृतींच्या पुढाकाराने मुलींचे हायस्कूल निघाले. तेच पुढे हुजूरपागा म्हणून प्रसिद्ध झाले. इंग्रजी, गणित, भूगोल, शास्त्र असे विषय मुलींना शिकवायचे म्हणजे त्या काळी धाडसच होते. 'केसरी' आणि 'मराठा' या टिळकांच्या पत्रांनी या अभ्यासक्रमावर सातत्याने टीका केली. मुलींना मातृभाषा, धर्म-नीतीचे शिक्षण आणि शिवणकाम पुरेसे आहे, असा त्या टीकेचा रोख होता.

१८/
येथे घाईने निवाडा देण्याचा मोह आवरावा. टिळकांचे इतर कार्य मोठे आहे, म्हणून ही भूमिका झाकून ठेवण्याचे कारण नाही. आणि या भूमिकेवरून सगळे टिळक मोजण्याचेही नाही. आपल्या विषयापुरता मुद्दा छोटा आहे. बर्न्टआयलंडच्या घरात मेरीला जे ऐकावे लागले, ते नव्वदेक वर्षांनी शनिवार-बुधवार पेठांतल्या मुलींच्या वाट्याला आले. तेही अगदी त्याच साधनाच्या नावाने. एरवी सुई बिचारी निरुपद्रवी. पुस्तकाच्या बदली ती पुढे केली गेली की तिचे कुलूप होते.

१९/
रमाबाई रानड्यांनी हे कुलूप आतून पाहिले होते. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि माधवरावांनी त्यांना शिकवायला घेतले. १९१० साली प्रसिद्ध झालेले 'आमच्या आयुष्यातील कांहीं आठवणी' हे त्यांचे पुस्तक ज्यांनी वाचले नसेल त्यांनी यंदाच्या यादीत ते सर्वांत वर घालावे. पतीचा आग्रह वाचनाचा आणि घरातल्या बायकांचा त्याला विरोध, या दोन दगडांवर पाय ठेवून काढलेली वर्षे त्यांनी तक्रारीचा सूर न लावता सांगितली आहेत.

२०/
त्याच रमाबाईंनी पतीच्या निधनानंतर पुण्यात सेवासदनाचे काम उभे केले, १९०९ मध्ये. तेथे प्रौढ स्त्रियांना लिहा-वाचायला शिकवीत, शिवणकामही शिकवीत. मला त्यांचे हे व्यवहारज्ञान फार मोलाचे वाटते. सुई त्यांनी फेकून दिली नाही. शिवणाच्या वर्गाला जाते म्हटले की घरचा विरोध सौम्य होई, हे त्या काळच्या कोणत्याही बाईला सांगावे लागले नसते. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात तर मुली विणकामही करीत आणि छापखानाही चालवीत. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर तिथेच, त्यांच्या निधनानंतर, छापून पुरे झाले. टाके घालणाऱ्या हातांनी आता खिळे जुळवले होते.

२१/
हात आणि वाचन यांच्या या कथेत एक वळण असे आहे की ते पुस्तकांत क्वचितच सापडते. ते अंध वाचकांचे. ब्रेल लिपी बोटांनी वाचायची असते. म्हणजे वाचणाऱ्याचे हात वाचनातच गुंतले. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी लंडनला १९१५ मध्ये सेंट डन्स्टन्स ही संस्था निघाली. तेथे ब्रेलही शिकवीत आणि टोपल्या, चटया विणायलाही. पण दोन्ही एका वेळी शक्य नव्हते. शिवाय वयात आल्यावर ब्रेल शिकणे जड जाई. १९३५ मध्ये ब्रिटनमध्ये अंधांसाठी ध्वनिमुद्रित पुस्तके सुरू झाली. पहिल्या काही पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड' होती. आज कानात पुस्तक आणि हातात क्रोशा घेऊन बसमध्ये बसलेल्या मुलीची सोय मुळात त्या सैनिकांसाठी झालेली आहे. नाइटिंगेलची तक्रारही तिथे बरीचशी मिटते : पुस्तक आपले, थांबवण्याचे बटण आपले.

२२/
आता मोजणीकडे वळू. वाचलेल्या पुस्तकांची टिपणे ठेवणारे पूर्वीही होते. चार्ल्स डार्विनने १८३८ पासून वीसहून अधिक वर्षे दोन याद्या चालवल्या : 'वाचायची पुस्तके' आणि 'वाचलेली पुस्तके'. त्या वह्या टिकल्या, म्हणून 'ओरिजिन'च्या आधी त्याच्या डोक्यात कोणते विचार कोठून आले याचा माग काढता येतो. दुपारी तो कोचावर पडे आणि पत्नी एमा त्याला कादंबऱ्या वाचून दाखवी. सुखान्त नसलेल्या कादंबऱ्यांवर कायद्याने बंदी घालावी, असे तो अर्धवट गमतीने म्हणे. २०११ पासून गुडरीड्सने वार्षिक वाचनाचे आव्हान सुरू केले आणि डार्विनची वही आपल्या सगळ्यांच्या खिशात आली.

२३/
धाग्यात नोंद ठेवण्याची परंपरा याहून कितीतरी जुनी. दक्षिण अमेरिकेतील इंका साम्राज्यात 'किपू' वापरीत : एका जाड दोरीला लोंबणाऱ्या अनेक रंगीत दोऱ्या आणि त्यांवर गाठी. लेलँड लॉक या अमेरिकन अभ्यासकाने १९१२ मध्ये दाखवून दिले की या गाठी दशमान पद्धतीने संख्या सांगतात. एकं, दहं, शतं यांची दोरीवरची जागा ठरलेली. एकंच्या गाठीचा प्रकारही वेगळा. म्हणजे एखादा किपू हाती घेऊन आपण आज सांगू शकतो की येथे ३२४ आहेत. पण ३२४ काय? मेंढ्या, मक्याची पोती की माणसे? बहुतेक किपूंबाबत ते कळत नाही.

२४/
आपल्या काळातले एक गमतीदार उदाहरण. २०१८ मध्ये म्युनिक परिसरात रेल्वेने रोज ये-जा करणाऱ्या एका बाईंनी गाडीच्या उशिराचा हिशेब गळपट्टीत विणला. दिवसाला दोन ओळी. पाच मिनिटांच्या आत उशीर असेल तर करडा रंग, अर्ध्या तासापर्यंत गुलाबी. त्याहून जास्त उशीर झाला किंवा जाता-येता दोन्ही वेळा खोळंबा झाला की लाल. वर्ष संपल्यावर ती गळपट्टी लिलावात ७,५५० युरोंना गेली आणि रक्कम परोपकारी कामाला दिली. आपल्या उपनगरी गाड्यांचे प्रवासी हे करू लागले तर लाल लोकरीचा तुटवडा पडेल.

२५/
वाचनाचे पांघरूण याच घराण्यातले आहे. करून पाहायचे असेल तर थोडे गणित आधी करा. मध्यम जाडीची लोकर आणि ५ मिलिमीटरची सुई घेतली तर खांबांची एक ओळ साधारण दीड सेंटिमीटर उंच होते. म्हणजे ५० पुस्तकांना ५० ओळी धरल्या तर उंची भरते अवघी ७५ सेंटिमीटर. बाळाला पुरेल, तुम्हाला नाही. म्हणून पुस्तकामागे दोन ओळी धराव्यात. मुक्या खांबांनी विणायचे असेल तर तीन-चार. चौकोन आवडत असतील तर १५ सेंटिमीटरचे ५० चौकोन करून पाच-पाचांच्या दहा रांगा जोडा. ७५ गुणिले १५० सेंटिमीटर झाले. उरल्यासुरल्या लोकरीचे असे चौकोन जोडून पांघरूण करण्याची रीत अमेरिकेत एकोणिसाव्या शतकातच दिसते. तिथे या पांघरुणाला 'अफगाण' म्हणतात, हीसुद्धा एक गंमत.

२६/
या प्रकाराविषयी माझ्या मनात एक शंका आहे, ती सांगून टाकतो. मोजायला लागले की माणूस मोजण्याजोगेच वाचू लागतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सहा ओळी कमी पडताहेत, असे दिसले की हात आपोआप ८० पानी पुस्तकांकडे वळतो. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'मधला एक खंड महिनाभर पुरतो आणि त्याची ओळ मात्र एकच! यावर काही जणींनी पानांच्या हिशेबाने ओळी विणायला घेतले आहे : २०० पानांमागे एक. हे मला अधिक न्याय्य वाटते. अर्धवट सोडलेल्या पुस्तकांसाठी एक रंग राखून ठेवणाऱ्याही आहेत. त्यांचा प्रामाणिकपणा डार्विनच्या तोडीचा. निरुपयोगी वाटलेल्या पुस्तकांवर तोही आपल्या वहीत तसा शेरा मारून ठेवी.

२७/
शंकेइतकेच समाधानही आहे. मेरीची मेणबत्ती, ओसरीवरच्या वाती, नरसापूरची लेस, पेठांतल्या मुलींचा शिवणाचा तास या साऱ्या ठिकाणी धागा दिसत होता, त्याची लांबी-रुंदी मोजली जात होती, आणि वाचन मागे अंधारात होते. या पांघरुणात ते प्रथमच बाहेर आले. तेही ज्या वस्तूच्या नावाने ते अडवले गेले, नेमक्या त्याच वस्तूवर. पूर्वीच्या एखाद्या पणजीने ऐकलेल्या पोथ्यांचे असे पांघरूण विणून ठेवले असते, तर आज संशोधक त्यावर तुटून पडले असते.

२८/
म्हणून जाता जाता एक विनंती, इतिहासाचा वाचक या नात्याने. पांघरूण विणणार असाल तर किपूची गोष्ट विसरू नका. निळी ओळ म्हणजे काय, पिवळी म्हणजे काय, हे तुम्हाला आज पाठ आहे. पन्नास वर्षांनी कपाट आवरणाऱ्या नातीला ते कळणार नाही. पांढऱ्या सुती कापडाचा वीतभर तुकडा घ्या. त्यावर न पुसणाऱ्या शाईने वर्ष, रंगांची सूची आणि ओळींच्या क्रमाने पुस्तकांची नावे लिहा. शाईचा भरवसा वाटत नसेल तर निदान वर्ष आणि रंग दोऱ्याने भरा. आणि तो तुकडा पांघरुणाच्या उलट्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, चारही कडांनी पक्का टाचून टाका.